काचपेटीवरील शेवाळ आणि ओरखडे
(मंडळाच्या मासिक सभेत ‘घरातील एक काम’ या सदराखाली केलेले भाषण. भगिनींच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



दर सभेला एका भगिनीने घरातल्या एखाद्या कामाविषयी माहिती सांगावी, असा आपल्या मंडळाचा पायंडा आहे. आतापर्यंत गोधड्यांची निगा, धान्याला लागणारी कीड, पापडाचे पीठ, शिवणयंत्राचे तेलपाणी अशा विषयांवर आपण पुष्कळ ऐकले. या खेपेस माझ्या वाट्याला आला आहे तो माशांच्या काचपेटीचा विषय. पेटीच्या काचेवर धरलेले शेवाळ काढायचे, पण काचेला ओरखडा पडू द्यायचा नाही, हे कसे साधावे ते मी सांगणार आहे. विषय ऐकून दोघी-तिघी मघाशी हसल्या, ते मी पाहिले. हसू येणे साहजिक आहे. आपल्या वसईकडे मासा म्हटला की तो बाजारातून आणायचा, साफ करायचा आणि तव्यावर टाकायचा. त्याला घरात पाहुण्यासारखे ठेवून त्याच्या खिडक्या पुसायच्या, हे आपल्या आज्यांना सांगितले असते तर त्यांनी तोंडाला पदरच लावला असता.

पण आज नायगावपासून विरारपर्यंत इमारतीत राहणाऱ्या पुष्कळ घरांत अशी पेटी असते. ती आणण्याची हौस यजमानांची नाही तर मुलांची. पहिले पंधरा दिवस सगळे घर तिच्यासमोर बसते. नंतर काच हिरवी होऊ लागली की ते काम हळूच आपल्याकडे सरकते. काम आपल्या हाती आलेच आहे, तर ते नीट कसे करावे हे आपणच एकमेकींना सांगितलेले बरे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या घरात मात्र नऊ वर्षे ही पेटी आहे, आणि मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून दोन गोष्टी समजून घेतल्या आहेत. त्या बळावर बोलते.

या विषयाची आज निकडही आहे, आणि ती स्पष्ट बोललेली बरी. आपल्या बालवाडीत दोन पेट्या आहेत. एक दोन फूट लांबीची काचेची, आणि एक लहान, ॲक्रिलिक या पारदर्शक प्लॅस्टिकची. मोठ्या पेटीच्या दर्शनी काचेवर गेल्या काही महिन्यांत ओरखडे दिसू लागले. लहान पेटी तर धुक्यासारखी अंधुक झाली. मग कुजबुज सुरू झाली की त्या आठवड्यात पाळी कोणाची होती. एक भगिनी पाळीला येईनाशी झाली. दुसरीने सांगितले की पेट्याच काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल. बालवाडीची मुले पेटीसमोर उभी राहतात तेव्हा त्यांचे डोळे काचेच्या खालच्या पट्ट्याशीच येतात. रोज सकाळी दप्तर ठेवण्याआधी ती माशांना बघायला धावतात. एका ओरखड्यापायी मुलांचा तो आनंद आणि आपल्यातला सलोखा दोन्ही जावे, हे मला पटत नाही. म्हणून ओरखडा पडतो कसा, याचा आधी शांतपणे विचार करू.

काचेची पेटी ही चीज मुळात एका शिवणकाम करणाऱ्या बाईची आहे, हे कदाचित आपल्याला ठाऊक नसेल. तिचे नाव झान व्हिलप्रू-पॉवर. फ्रान्समधल्या जूयाक नावाच्या गावी १७९४ साली एका चांभाराच्या घरी तिचा जन्म झाला. पुढे ती पॅरिसला एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे कामाला राहिली आणि १८१६ साली एका राजकन्येच्या लग्नाचा पोशाख भरण्याचे काम तिच्या हाती आले. लग्नानंतर ती सिसिली बेटावर मेसिना शहरात गेली. तेथील समुद्रात शिंपल्यात राहणारा एक आठ पायांचा प्राणी असतो. तो शिंपला त्याचा स्वतःचा की दुसऱ्याचा बळकावलेला, असा त्या काळच्या पंडितांचा वाद होता. वाद मिटवायचा तर प्राणी जिवंत पाहायला हवा. म्हणून १८३२ साली तिने काचेची पेटी करविली आणि तीत समुद्राचे पाणी घालून त्या प्राण्याला रोज न्याहाळले. शिंपला तो स्वतःच बनवितो, असे तिने दाखवून दिले. सांगायचा मुद्दा एवढाच की ही पेटी बघण्यासाठी निर्माण झाली. काचेतून स्वच्छ दिसले नाही तर पेटीचा हेतूच संपला.

आता शेवाळाकडे येऊ. शेवाळ ही घाण नव्हे, ती एक वनस्पतीच आहे. उजेड, पाणी आणि खत मिळाले की ती वाढते. आपल्याकडच्या वाड्यांतली बावखले आठवा. पावसाळ्यानंतर पाणी स्थिरावले की काठच्या दगडांवर हिरवी साय धरते. पेटीतही तेच घडते. खत म्हणजे माशांची विष्ठा आणि न खाल्लेले दाणे.

हा थर तीन तऱ्हेचा असतो, आणि तीन तऱ्हांना तीन वागणुकी लागतात. नव्या पेटीत पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी, पिठासारखा थर येतो. तो मऊ स्पंजाच्या एका हाताने निघतो, जोर करण्याचे कारणच नाही. दुसरा हिरवा, बुळबुळीत. तोही आठवड्याच्या आत पुसला तर स्पंजाने जातो. तिसरे हिरवे टिपके. हे काचेला गच्च धरून बसतात, आणि येथेच आपला हात शिवशिवतो. आपण काथ्या घेतो, तारेची घासणी घेतो, कोणी चिमूटभर राख घेते. कढईला लागलेले करपे काढण्याची आपली सवय आहे ना! पण कढई आणि काच यांची जात वेगळी आहे.

काचेवर ओरखडा कशाने पडतो? नियम सोपा आहे. जी वस्तू काचेपेक्षा कठीण ती काचेला ओरखडते; जी मऊ ती कितीही घासली तरी ओरखडत नाही. १८१२ साली फ्रीड्रिश मोस नावाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने दगडांच्या कठीणपणाची एक उतरंड लावून दिली. सर्वांत मऊ शंखजिरे, त्याला १. सर्वांत कठीण हिरा, त्याला १०. या उतरंडीत आपले नख सुमारे २॥ वर येते. शिंपला ३ ते ४ च्या दरम्यान. साधी काच सुमारे ५॥. पोलादी पाते काचेच्या जवळपास, कधी थोडे वर. आणि गारगोटी ७. नदीच्या किंवा दुकानातल्या पांढऱ्या-तांबूस रेतीत बहुतेक गारगोटीचेच कण असतात. म्हणजे रेतीचा इवलासा कण काचेहून दीड पायरी वरचा. काळ्या दगडाच्या चुरीतही काचेहून कठीण कण असतात.

तोंडी सांगून पटायचे नाही, म्हणून मी येताना औषधाची एक रिकामी बाटली आणली आहे. हा भुईगावच्या किनाऱ्यावरचा शिंपला, स्वच्छ धुतलेला. आणि ही पुडी बालवाडीच्या पेटीतल्या रेतीची.

(येथे वक्त्या भगिनीने बाटलीवर प्रथम शिंपला घासला. पांढरी रेघ उमटली, ती ओल्या बोटाने पुसली गेली. नंतर ओल्या फडक्यावर चिमूटभर रेती घेऊन फडके एकदाच फिरविले. बाटलीवर बारीक रेघा उमटल्या, त्या पुसल्या गेल्या नाहीत. बाटली सर्वांना हाताळण्यास दिली.)

पाहिलेत ना? फडके मऊच होते. हातही हलका होता. ओरखडा फडक्याने पडला नाही, फडक्यात बसलेल्या कणाने पडला. हीच आजची मुख्य गोष्ट आहे. आपण जोर किती लावला याला महत्त्व थोडे. हातातल्या घासणीत काय अडकले आहे याला महत्त्व फार.

आता बालवाडीची पेटी डोळ्यांसमोर आणा. मी परवा विजेरी तिरपी धरून ती काच नीट पाहिली. वरच्या भागात ओरखडा नाही. मधल्या भागात नाही. सगळे ओरखडे रेतीच्या थरापासून चार बोटे उंचीच्या आत आहेत आणि खालून वर जाणारे आहेत. घासणीच कठीण असती तर ओरखडे काचभर असते. ज्या अर्थी ते रेतीलगतच आहेत त्या अर्थी घासणी खाली रेतीला टेकली, कण तिच्यात बसला आणि वर येताना काचेवर रेघ ओढत आला. असे ओरखडे कमी-जास्त लांबीचे, वेगवेगळ्या तिरकस आहेत. ते एका दिवसाचे काम दिसत नाही. खालपर्यंत स्वच्छ करावे म्हणून जिने जिने मन लावून काम केले तिच्या हातून एखादी रेघ पडली असणार. अंग राखून वरवर पुसणारीच्या हातून ती पडणार नाही! तेव्हा भगिनींनो, पाळी कोणाची हा प्रश्न येथे संपला असे मी समजते. पाळी कोणाची का असेना, दोष त्या कणाचा आणि तो कण आपल्याला कोणी दाखवला नव्हता याचा.

लहान पेटीची गोष्ट निराळी. तिच्यावर लांब रेघा नाहीत, सगळीकडे बारीक गोल गोल खुणा आहेत. तेथे घासणीच वावगी होती. ॲक्रिलिक काचेपेक्षा पुष्कळ मऊ असते. भांड्यांच्या कित्येक हिरव्या घासण्यांत धाग्यांवर खरखरीत पूड चिकटवलेली असते. तिने चांगली काचसुद्धा खराब होऊ शकते, मग ॲक्रिलिकची काय कथा! त्यावर बसलेली धूळ कोरड्या फडक्याने पुसली तरी त्यावर खुणा उमटतात.

मग असली मऊ वस्तू वापरतात तरी कशाला, असे कोणी विचारील. मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय आपल्यापैकी पुष्कळजणींनी लहानपणी पाहिले असेल. चर्नी रोडला उतरून, हात धरून, रांगेत उभे राहून. २०१५ साली दुरुस्तीनंतर ते पुन्हा उघडले तेव्हा तेथे बारा फूट लांबीचा ॲक्रिलिकचा बोगदा केला होता. माणसे मधून चालत आणि मासे डोक्यावरून पोहत. अशी कमान साध्या काचेची करणे फार अवघड. ॲक्रिलिक वाकविता येते, वजनाला हलके असते आणि धक्क्याने सहसा फुटत नाही. मुलांच्या हाताशी ठेवायला ते बरे; फक्त त्याला घासताना काचेहून अधिक जपले पाहिजे. म्हणून पेटी घेताना दुकानदाराला विचारून घ्यावे की काच आहे की ॲक्रिलिक. बोटाने टिचकी मारली तर काच खणकन वाजते, ॲक्रिलिकचा आवाज बद्द येतो.

आता कोणती साधने वापरू नयेत ते सांगते. तारेची घासणी नको. काथ्या नको, कारण त्याच्या गुंत्यात रेती बसते आणि धुतली तरी निघत नाही. राख नको, तीत बारीक खडे असतात. रांगोळी नको, शंखजिऱ्याची असली तर मऊ असेल, पण गारेच्या पुडीची असली तर काचेचे मातेरे. दात घासण्याची पूड नको. साबण आणि भांड्यांची पावडर तर मुळीच नको, कारण त्यांचा अंश पाण्यात राहिला तर माशांच्या कल्ल्यांना अपाय होतो. काच पुसण्याचे तयार निळे पाणीही आत वापरू नये. त्यातले काही प्रकार ॲक्रिलिकला तडे आणतात.

चालते ते असे. साधा मऊ स्पंज, कसलीही खरखरीत बाजू नसलेला. जुन्या सुती साडीचा, जरीचा नव्हे, धुऊन विरलेला तुकडा. हट्टी टिपक्यांसाठी मुदत संपलेले प्लॅस्टिकचे बँक-कार्ड. ते कार्ड काचेहून मऊ असल्यामुळे काचेला धक्का लावीत नाही आणि कडेने टिपके खरवडून काढते. ॲक्रिलिकवर मात्र कार्डही नको, तेथे फक्त मऊ फडके आणि वेळ. काही घरांत दाढीचे पाते वापरतात. काचेवर ते सपाट धरले तर टिपके निघतात हे खरे. पण पात्याचा कोपरा टेकला की रेघ उठते. आणि दोन काचा जेथे जोडल्या आहेत तेथील रबरासारखा जोड पात्याने कापला गेला तर पेटी गळू लागते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. म्हणजे ५६ किलोचे ओझे त्या जोडांवर रेटत असते. बालवाडीत तरी पाते नकोच.

बाजारात चुंबकाची जोडी मिळते. एक चुंबक आत, एक बाहेर. बाहेरचा सरकवला की आतला काच पुसत जातो. हात भिजत नाही म्हणून तो सोयीचा. पण रेतीला टेकला आणि कण आत शिरला तर आपल्याला कळत नाही, आणि चुंबकाच्या ओढीने कण काचेवर घट्ट दाबला जाऊन लांबच लांब रेघ निघते. चुंबक वापरायचा तर रेतीच्या वर तीन बोटे थांबवावा, आणि काम संपल्यावर आतला भाग पेटीत तसाच न सोडता बाहेर काढून धुवावा.

एक गोष्ट खास आपल्या बायकांची. हातातल्या अंगठीचा खडा आणि बांगड्या. हिरा काचेला कापतो हे आपण जाणतोच. माणिक आणि नीलही काचेहून पुष्कळ कठीण. काचेच्या बांगडीची कड काचेवर आपटली तर दोघींपैकी एकीला इजा होणारच. अंगठी काढून ठेवावी. बांगड्या काढण्याची ज्यांची रीत नाही त्यांनी त्या कोपराकडे सारून वरून सुती कापडाची पट्टी गुंडाळावी, नाहीतर लाकडी पट्टीच्या टोकाला स्पंज दोऱ्याने बांधून काम करावे. रीतही राहते आणि काचही राहते.

आता कामाचा क्रम सांगते. हा क्रम महत्त्वाचा.

प्रथम विजेची बटणे बंद करावीत. हवेचा पंप, दिवा, सगळे. ओल्या हाताने विजेशी खेळ नको.

मग हात साध्या पाण्याने धुवावेत. साबण लावला असेल तर तीन पाण्यांनी धुवावेत.

त्यानंतर पेटीतले तांब्याभर पाणी वाडग्यात घ्यावे आणि स्पंज त्यात पिळून घ्यावा. पिळल्यावर त्यावरून बोट फिरवावे. तांदूळ निवडताना खडा जसा बोटाला लागतो तसा रेतीचा कण लागतो. बोटाला काही लागले तर तो स्पंज बाजूला टाकावा. तांदूळ निवडण्यात आपला हात धरणारे कोणी नाही. तेच कसब येथे कामाला येते.

काच वरून खाली पुसावी. वर रेती नसते, म्हणून तेथून आरंभ. मध्ये मध्ये स्पंज वाडग्यात पिळावा आणि बोटाने तपासावा. रेतीच्या वर दोन बोटे आले की थांबावे.

उरलेला पट्टा शेवटी आणि वेगळ्या वस्तूने. लाकडी चमच्याने काचेलगतची रेती हलकेच मागे सारावी. गढूळ खाली बसेतो पाच मिनिटे थांबावे. मग प्लॅस्टिकच्या कार्डाने तो पट्टा खरवडावा. प्रत्येक हातानंतर कार्ड बाहेर काढून कड पुसावी. नंतर रेती जागेवर आणावी. रेतीच्या खाली झाकलेली काच साफ करण्याच्या भरीस पडू नये.

सगळे झाल्यावर सुटे झालेले शेवाळ नळीने पाण्याबरोबर काढून टाकावे. तळाची रेती ढवळून साफ करायची असेल तर तीही काच पुसून झाल्यानंतरच ढवळावी. आधी ढवळली तर कण पाण्यात उठून काचेवर बसतात, आणि आपण त्यावरूनच स्पंज फिरवतो.

स्पंज पेटीचा वेगळा असावा. त्याला लाल दोरा बांधून ठेवावा, म्हणजे घाईत कोणी तो भांड्यांना लावणार नाही. जमिनीवर पडला तर पुन्हा पेटीत घालू नये.

पाण्याच्या वरच्या कडेला पांढरा चुन्यासारखा थर धरतो. आपल्याकडे कित्येक ठिकाणी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड, त्यामुळे तो लवकर धरतो. तो कोरडा खरवडू नये. कोरड्या खरवडण्यानेही काच खराब होते. पाणी दोन बोटे खाली आणावे, फडके पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून घट्ट पिळावे आणि त्या कडेवर दहा मिनिटे धरावे. क्षार मऊ होऊन पुसला जातो. नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसावे. व्हिनेगर पेटीच्या पाण्यात ठिबकू देऊ नये.

इतके सारे करण्यापेक्षा शेवाळ कमी धरेल अशी तजवीज केली तर घासणेही कमी आणि ओरखड्याची भीतीही कमी. पेटी खिडकीच्या उन्हात नसावी. बालवाडीची मोठी पेटी पूर्वेच्या खिडकीखाली आहे, ती आतल्या भिंतीकडे सरकवावी अशी माझी सूचना आहे. सरकवताना ती रिकामी करूनच सरकवावी. दिवा दिवसाला सहा ते आठ तास पुरतो. दाणे दोन मिनिटांत संपतील इतकेच घालावेत. येथे मुलांची अडचण आहे, प्रत्येकाला आपल्या हाताने दाणे घालायचे असतात. त्यावर उपाय असा की वारांची पाळी लावावी, रोज एकाच मुलाने चिमूट घालावी. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. आपल्या भागात सूर्या, उसगाव आणि पेल्हारचे नळाचे पाणी येते त्यात क्लोरीन असतो, म्हणून ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मग घालावे. टँकरचे पाणी आले त्या दिवशी घाई करू नये. काढलेले पाणी गटारात न ओतता तुळशीला, कढीपत्त्याला घालावे. त्यात खत असते.

आणि सगळ्याच काचा लख्ख करण्याचा हट्टही नको. समोरची काच स्वच्छ ठेवावी, मागच्या काचेवरचे शेवाळ राहू द्यावे. गोगलगाई आणि काही मासे ते खातात. १८५० च्या सुमारास लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी पेटीत मासे आणि पाणवनस्पती ठेवून पाहिल्या, तेव्हा कुजक्या पानांचा बुळबुळीतपणा वाढू लागला. त्यांनी गोगलगाई सोडल्या आणि पेटी ताळ्यावर आली. घरात एकटीनेच सगळे न करता इतरांनाही काम वाटून द्यावे, तसेच हे आहे!

आता पडलेल्या ओरखड्यांचे काय? काचेवरून नख फिरवा. नख अडकले नाही तर ओरखडा वरवरचा आहे. पाणी भरलेले असताना आतल्या बाजूचा असा ओरखडा पुष्कळसा झाकला जातो. त्याची चिंता सोडावी. नख अडकले तर ओरखडा खोल आहे. काच कापणारा कारागीर आधी रेघ ओढतो आणि मग त्या रेघेवरच काच मोडतो, हे आपण पाहिले आहे. म्हणून खोल रेघ असलेली पेटी हलवू नये, तिच्यावर काही ठेवू नये आणि जाणत्या माणसाला दाखवावी. काचेवरचे ओरखडे घोटून काढण्याची पूड मिळते, पण ते काम पेटी रिकामी करून, तासन्‌तास, आणि त्यानेही काच कधी लहरी दिसू लागते. ॲक्रिलिक मात्र घोटून पुष्कळ सुधारते. बालवाडीच्या मोठ्या काचेवर मी नख फिरवून पाहिले आहे. एकाही ठिकाणी ते अडकले नाही. पेटी धोक्याची नाही. ती काढून टाकण्याचे कारण नाही. लहान पेटी घोटून घेता येईल, मी चौकशी केली आहे.

अध्यक्षीणबाईंची परवानगी असेल तर शेवटी तीन विनंत्या करते. पेटीजवळ एका डब्यात दोन स्पंज, साडीचे दोन तुकडे, एक कार्ड आणि एक लाकडी चमचा ठेवावा, आणि डब्यावर ‘फक्त पेटीसाठी’ असे लिहावे. मी सांगितलेला क्रम मुलीच्या अक्षरात लिहून आणला आहे, तो भिंतीवर लावावा. आणि पाळी एकीची न ठेवता दोघींची ठेवावी. एकीने पुसावे, दुसरीने स्पंज तपासून द्यावा. चार डोळे असले की कण चुकत नाही, आणि दोघी मिळून केलेल्या कामावर मागाहून कोणी बोट ठेवीत नाही. पहिल्या पाळीला माझे नाव घालावे. दुसरे नाव पाळीला येईनाशा झालेल्या भगिनीचे घालावे, असे मी त्यांना आज सकाळी त्यांच्या घरी जाऊन विचारले. त्या हो म्हणाल्या आहेत.

 ती बाटली अजून मागच्या रांगेत फिरते आहे. ती परत येईपर्यंत कोणाला काही विचारायचे असेल तर विचारावे.